निळीच्या पाण्याची नळी आणि चाचांचं गॅरेज

गॅरेजचं नाव टाकू नका, असं आमची पिकअप दुरुस्त करणाऱ्या चाचांनी स्वतःच बजावलंय. "आहेत त्याच गाड्या उरकत नाहीत, आणखी कशाला बोलावता?" तेव्हा फक्त खूण सांगते. मंगळवेढ्यातून पंढरपूरकडे निघालं की वस्ती विरळ होते तिथे डाव्या हाताला चिंच, चिंचेखाली पत्र्याचं शेड आणि दाराशी जुन्या डिझेल पंपांचा ढीग. बोर्डाचा रंग उडालाय, पण दुपारी बाराच्या पुढे गेलात तर बाहेर उभ्या असलेल्या पिकअप आणि ट्रॅक्टर बघून कळेल.

आमची पिकअप २०१८ची, बीएस फोर, अडीच लिटरचं टर्बो डिझेल. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. मीटर १,३८,००० वर. गाडी माझ्या नावावर आहे, चालवतात भावजी, आणि वही मी ठेवते. डिझेल, ऑइल, टायर, पंक्चर, हमाली, सगळं त्या वहीत. सांगोला आणि मंगळवेढा भागातल्या बागांतून डाळिंबाची कॅरेट उचलून बाजारात पोचवायची, हे आमचं काम. बागेपर्यंत डांबरी रस्ता क्वचितच असतो. पाणंदीतून जायचं, आणि पाणंदीत घोट्याएवढा फुफाटा. पुढे एखादा ट्रॅक्टर असला तर त्याचं मागचं चाकसुद्धा दिसत नाही.

दुखणं आधी गाडीत नाही, वहीत दिसलं. पूर्वी दोन सर्व्हिसिंगच्या मधे फार तर अर्धा लिटर ऑइल वर घालावं लागायचं. या वेळी १,१०० किलोमीटरमधे एक लिटर गेलं. मी भावजींना विचारलं तर म्हणाले, "वहिनी, गाडी म्हातारी झाली." मग एका सकाळी ऑइल मोजायची काडी तिच्या नळीतून आपोआप दोन बोटं वर आलेली दिसली. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, कडेने ऑइल पाझरून त्यावर धूळ बसली होती, पुरणाच्या पातेल्याला बाहेरून खरपूस थर चढतो तशी. घाट चढताना निळसर धूर. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमधे नेली. तिथल्या पोराने बॉनेट उघडलं, रेस दिली, धूर बघितला आणि दहा मिनिटांत कागद हातात दिला: रिंग-पिस्टन गेलेत, हाफ इंजिन (इंजिन उघडून रिंगा-पिस्टन बदलायचं काम) करावं लागेल, टर्बोही बदला. अंदाजे ६२,००० रुपये. मी विचारलं, रिंगा गेल्यात हे कशावरून? तर म्हणाला, "मॅडम, बॅक कॉम्प्रेशन मारतंय ना."

जळलेला गॅस पिस्टनच्या कडेने उलटा खाली येतो, त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. ते मारत होतं हे खरंच. पण ते का मारतंय हे कुणी बघितलं नव्हतं.

चाचांकडे पहिल्या दिवशी आम्ही साडेदहाला पोचलो आणि शेड बंद. ते अकराच्या आत उघडत नाहीत. आल्यावर आधी सगळं भावजींना विचारायला लागले. भावजींना अर्ध्या प्रश्नांची उत्तरं येईनात, तेव्हा मी वही काढली. फिल्टर कधी बदलला, कुठून घेतला, ब्रीदरचा (इंजिनातला गॅस बाहेर काढणारा) पाईप कधी बदलला, ऑइल कोणत्या तारखेला किती घातलं. चाचांनी चष्मा लावून वही वाचली आणि नंतर दिवसभर भावजींकडे बघितलंसुद्धा नाही. "ताई, तुम्ही इकडे बसा," म्हणून एक टायर पुढे सरकवला. बसायला तिथे टायरच आहेत.

मग त्यांनी आतून एक फळी आणली. दोन-अडीच फूट लांब, तिच्यावर गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी यू आकारात खिळ्यांनी बसवलेली, मधे शाळेतली पट्टी चिकटवलेली. नळीत पाणी, आणि ते नीट दिसावं म्हणून त्यात निळीचे चार थेंब. नळीचं एक टोक मोकळं, दुसऱ्या टोकाला जुनं ऑइलचं झाकण भोक पाडून जोडलेलं. आमच्या इंजिनचं झाकण काढून ते बसवलं आणि गाडी स्टार्ट केली. एका बाजूचं पाणी खाली गेलं, दुसऱ्या बाजूचं वर चढलं. दोन्हींतला फरक सात इंच. थोडी रेस दिली तर निळं पाणी वरच्या टोकातून उडून माझ्या पदरावर. डाग अजून आहे.

इथे थोडं समजावून सांगते, मला त्याच दिवशी समजलं म्हणून. पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असल्या तरी जळलेला थोडा गॅस त्यांच्या कडेने खाली, ऑइल असतं त्या चेंबरमधे उतरतोच. त्याला बाहेर पडायला वाट लागते, ती वाट म्हणजे ब्रीदर. गॅस टॅपेट कव्हरमधे येतो, तिथल्या आडव्या पत्र्यांवर आपटून त्यातलं ऑइल गळून परत खाली जातं, आणि उरलेला गॅस रबरी पाईपमधून एअर फिल्टरच्या पुढे, टर्बोच्या तोंडाशी जातो. म्हणजे इंजिन तो परत ओढून जाळून टाकतं. ही वाट बंद झाली की चेंबरमधे दाब साठतो आणि तो दाब मग मिळेल तिथून निघतो. काडीतून, पॅकिंगमधून, सीलमधून. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं रिंगा गेल्या. रिंगा गेल्यावरही हेच सगळं दिसतं, म्हणून तर मोजायला लागतं.

चाचांनी आधी पाईपचं टर्बोकडचं टोक काढलं. पाणी तसंच, सात इंचांवर. मग टॅपेट कव्हरकडचं टोक काढलं. पाणी झपकन खाली आलं, फरक अर्धा इंचही नाही. चाचा काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. माझ्याही लक्षात आलं: आडकाठी त्या हातभर पाईपमधेच आहे.

तरीही त्यांनी निकाल दिला नाही. वाट मोकळी केली की घासलेल्या इंजिनातही दाब कमीच दिसतो, तेव्हा किती गॅस येतोय तेही बघायला हवं, म्हणाले. मग दुकानातून दहा किलोची कोरी प्लॅस्टिक पिशवी मागवली, हवा काढून सपाट केली आणि तिचं तोंड टॅपेट कव्हरच्या नळीवर दोरीने बांधलं. "ताई, घड्याळ लावा." मी मोबाइलवर वेळ लावली. गाडी स्लोवर, म्हणजे रेस न देता, चालू. पिशवी सावकाश फुगत गेली आणि ४१ सेकंदांनी टम्म झाली. चाचा म्हणाले, रिंगा गेलेल्या इंजिनावर हीच पिशवी दहा आकडे मोजेपर्यंत भरते. शेजारी एक ट्रॅक्टर हाफ इंजिनच्या कामासाठीच आला होता. माझ्या तोंडावर शंका दिसली असावी, कारण त्यांनी तीच पिशवी त्याला बांधून दाखवली. मी आठपर्यंत मोजलं.

मग पाईप उभा चिरला. आतला रबराचा थर फुगून सुटला होता आणि जिभेसारखा आत लोंबत होता. चाचांनी चुटकीने तो ओढला तर शिजलेल्या वांग्याच्या सालीसारखा हातात आला. "हा पाण्याचा पाईप आहे. तेलाला कुणी लावला?" मी वही उघडली. मागच्या वर्षी, श्रावणात, रबरी पाईप, १२० रुपये, भावजींच्या अक्षरात. जुना तडकला म्हणून बाजारातून त्याच मापाचा आणला होता. रेडिएटरच्या पाईपचं रबर गरम पाणी सोसतं, पण तेलाची वाफ लागली की फुगतं. ब्रीदरला तेलाचंच रबर लागतं. बाहेरून दोन्ही काळेच. भावजी तेवढ्यात चहा सांगायला निघून गेले.

ही चूक भावजींची. पुढची माझी.

एअर फिल्टर दर रविवारी काढून हवा मारून साफ करायचा, हा माझा हुकूम होता. मला वाटायचं, एवढ्या फुफाट्यात तेवढं तरी करावं. पंक्चरच्या दुकानात हवा मारायचे, त्याआधी चार वेळा जमिनीवर आपटायचे. चाचांनी फिल्टर हातात घेतला, शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेले आणि मोबाइलची बॅटरी लावून आत धरली. कागदाच्या चुण्यांमधून आठ-दहा ठिकाणी उजेडाचे टिपके दिसले. दिवाळीत आकाशकंदिलाला टाचणीने भोकं पाडतात ना, तसे. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा जवळून मारली की तो कागद फाटतो. मारायचीच तर अगदी हलकी, तीस पौंडांच्या आत, आणि आतून बाहेर. बाहेरून मारली तर धूळ कागदात आणखी रुतते. आपटल्याने कड वाकते, आणि कड वाकली की फिल्टर कितीही चांगला असो, धूळ बाजूनेच आत शिरते. पाणी तर लावूच नये.

वर चाचांनी एक उलटीच गोष्ट सांगितली. कोऱ्या फिल्टरपेक्षा थोडी धूळ बसलेला फिल्टर जास्त बारीक गाळतो, कारण त्या धुळीचीच एक चाळण होते. म्हणजे मी दर रविवारी ती चाळण झटकून टाकत होते आणि वर भोकं पाडून घेत होते. फिल्टरच्या पुढच्या नळीत, जिथे हवा स्वच्छच असायला हवी, तिथे चाचांनी माझंच बोट फिरवायला लावलं. बोटावर पिवळसर पीठ आलं.

घरी येऊन मी हिशोब केला. अडीच लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोट भरून हवा घेतं. मिनिटाला २,००० फेरे धरले तर २,५०० लिटर झाली. दुधाचे चाळीस लिटरचे बासष्ट कॅन, दर मिनिटाला, आणि टर्बोचं जास्तीचं वेगळं. पाणंदीत वीस मिनिटं गाडी चालली तर किती फुफाटा पोटात गेला असेल याचा विचार नको वाटतो. मातीतली वाळू लोखंडाला घासते आणि रिंगा आणि लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) खाते. चाचा म्हणाले ते मला पटलं: आणखी एक हंगाम असाच गेला असता तर शहरवाल्यांचा कागद खरा ठरला असता.

टर्बोचं सांगायचं राहिलं. निळा धूर तिथूनच होता. टर्बोला ऑइल दाबाने मिळतं, पण परत जाताना ते नुसतं आपल्या वजनाने चेंबरमधे उतरतं. चेंबरमधे दाब असला तर ते उतरत नाही, वरच तुंबतं आणि सीलमधून हवेच्या बाजूला जातं. मोरीचं पाणी तुंबलं की ते न्हाणीघरात पसरतं, तेव्हा आपण मोरी मोकळी करतो, न्हाणीघर पाडत नाही. टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या खालच्या पाईपमधून चहाच्या कपभर ऑइल निघालं. हे साठून एकदम ओढलं गेलं तर डिझेल बंद केलं तरी गाडी त्या ऑइलवरच पळत सुटते, चावी काढून उपयोग नाही, असं चाचा म्हणाले आणि मला त्या रात्री झोप लागली नाही. टर्बोचा दांडा त्यांनी बोटाने हलवून बघितला. आडवा जरासा हलतो तो चालतो, मागेपुढे हलता कामा नये. आमचा हलत नव्हता. टर्बोला हातही लावला नाही.

भावजींनी मधेच एक शहाणपण सुचवलं: पाईप काढून टाका आणि ब्रीदर खाली मोकळा सोडा, बरेच जण तसंच करतात. चाचांनी त्यांना शेडमागे नेऊन एक पिकअप दाखवली. तिचा पाईप कुणीतरी काढून खाली सोडला होता आणि टर्बोकडची नळी उघडीच ठेवली होती. म्हणजे फिल्टर नवा कोरा, आणि त्याच्या पुढे अंगठ्याएवढं भोक, फुफाटा थेट टर्बोत. शिवाय खाली गाडीभर तेलाचा चिखल. भावजी पुन्हा काही सुचवायला आले नाहीत.

खर्च असा: तेलाचा ब्रीदर पाईप ४२०, एअर फिल्टर ६८०, टॅपेट पॅकिंग ३५०, मजुरी ९००. ऑइलमधे धूळ गेली असणार म्हणून ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलले, त्याचे २,८२०. एकूण ५,१७०. टॅपेट कव्हर काढलं तेव्हा आतल्या पत्र्यांवरचा काळा राबही चाचांनी डिझेलने धुतला, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. झाकणाखाली थोडा पिवळसर लोण्यासारखा थर होता. मी घाबरले, हेडमधून पाणी येतंय की काय. चाचांनी रेडिएटरचं पाणी बघितलं, ते बरोबर होतं. थंडीत जवळच्या खेपा मारल्या की इंजिन पुरतं तापत नाही, वाफेचं पाणी तिथेच धरतं, म्हणाले. काम झाल्यावर फळी परत लावली. स्लोवर एका इंचाच्या आत.

आता तक्रारी, त्याही वहीत आहेत. पाच तास बसलो. बायकांसाठी तिथे काहीच सोय नाही, मला पलीकडच्या वस्तीवर एका घरी विचारून जावं लागलं, त्या माउलीने पाणीही दिलं. बिल फिल्टरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने. पक्कं बिल मागितलं तर चाचा हसले. आमच्यासारख्या धंदेवाल्यांनी तो पुठ्ठा कुठल्या फाइलला लावायचा? आणि परतताना चाळीसच्या पुढे गेलं की शिट्टीचा आवाज. दुसऱ्या दिवशी परत नेली. हाताखालच्या पोराने फिल्टरनंतरच्या नळीची क्लिप तिरकी आवळली होती. म्हणजे ज्या भोकासाठी एवढा खटाटोप केला, तेच भोक एक दिवस उघडं राहिलं. चाचांनी पैसे घेतले नाहीत, पण सगळ्यांसमोर पोराला असं झापलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. चौदा-पंधराशे किलोमीटरनंतर क्लिपा पुन्हा बघून घ्या, नवं रबर बसतं आणि क्लिप ढिली होते, हे त्यांनी त्याच वेळी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ते मला नंतर फोन केल्यावर कळलं.

संक्रांतीनंतर सासऱ्यांचा जुना ट्रॅक्टरही नेला. त्याला कागदी फिल्टर नाही, ऑइलची वाटी आहे. वाटीत तळाला दोन बोटं गाळ निघाला. वाटी डिझेलने धुवायची, खुणेपर्यंतच ऑइल भरायचं. जास्त भरलं तर इंजिन ते ओढतं. त्याचा ब्रीदर म्हणजे वर जाळीची टोपी, तीही डिझेलात बुडवून वाळवली. पाऊण तासात काम, १५० रुपये. सासरे म्हणाले, हे तर मी चाळीस वर्षं घरीच करतोय. खरं आहे, पण गेली तीन वर्षं केलं नव्हतं.

कामाला दहापैकी नऊ देईन, एक त्या क्लिपचा कापला. बसायच्या सोयीला शून्य. कुणी जाणार असेल तर शुक्रवारी दुपारी जाऊ नका, नमाजाला बंद असतं. आषाढीच्या आधीचे पंधरा दिवसही टाळा, दिंड्यांचे ट्रक रांगेत असतात आणि चाचा त्यांना आधी घेतात. फिल्टर स्वतः नेलात तर पाकीट फोडू नका. ते स्वतः फोडतात, कडेचं रबर बोटाने दाबून बघतात आणि कडक लागलं तर परत करायला लावतात. आमचे दोन परत गेले. पुस्तकात फिल्टर बदलायचं जे अंतर दिलंय ते डांबरी रस्त्याचं, पाणंदीत त्याच्या निम्मं धरा, असं ते म्हणतात आणि मी तसंच लिहून ठेवलंय. रविवारचा माझा हुकूम मागे घेतलाय. आता फक्त फिल्टरच्या डब्याखालची रबरी चोच दाबून साठलेली धूळ पाडायची. बाकी डबा उघडायचाच नाही.

फळी विकत मागितली तर चाचांनी दिली नाही. भावजींनी घरीच एक करून गोठ्याच्या भिंतीला टांगलीय, नळी, पट्टी, जुनं झाकण, सगळं तसंच. महिन्याच्या एक तारखेला मोजायचं आणि आकडा वहीत मांडायचा. आतापर्यंत चार आकडे आलेत, चारही एका इंचाच्या आत. पाणी मात्र दर वेळी बदलावं लागतं. निळीचं असलं तरी शेवाळ धरतं.